आखाडा न् ज्युदो यांचं भांडण लावू नका, पोट्टे एकत्र लढवा

मा. संपादक साहेब,
स. न. वि. वि.

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात आमच्याच भागातल्या एका जुन्या पैलवान काकांचं पत्र छापून आलं. खेड्यातले आखाडे ओस पडून राहिले, पोट्टे तालुक्याले ज्युदोच्या क्लासले पळून राहिले, आपली माती सोडून जपानी कोट घालून राहिले, आणि याच्यानं कुस्ती मरणार, असा एकूण सूर होता. काकांचा मान ठेवून लिहितो. अर्धं पत्र मला पटलं. आखाडे खरंच ओस आहेत, नागपंचमीला आणि तान्ह्या पोळ्याच्या आसपास दंगल भरते तेवढ्यापुरती माती उकरायची, त्यात हळद-तेल-ताक टाकायचं, बाकी वर्षभर तिथं शेळ्या बसतात. पण त्याचं खापर ज्युदोवर फोडणं मला काही झेपलं नाही. मी गावच्या आखाड्यात वस्तादांच्या हाताखाली लढलेला माणूस आहे, पुढे बीपीएडला गेल्यावर ज्युदो शिकलो, आता शाळेत पीटी शिकवतो आणि दोन्हीकडचे पोट्टे-पोट्टी रोज बघतो, म्हणून म्हणतो की हे दोन वेगळे खेळ आहेत हेच मुळात अर्धं खरं आहे.

सगळ्यात आधी एक गोष्ट बघा. समोरचा माणूस पाडायचा असेल तर आधी त्याचा तोल जागेवरून हलवावा लागतो. आमचे वस्ताद हे असं सांगायचे नाहीत, ते नुसते ओरडायचे, "अबे त्याले ढकलून पाय, तो उलटा तुह्याकडे येते, मंग घे!" ज्युदोमध्ये हेच पहिल्या महिन्यात शिकवतात, त्याला ते कुझुशी म्हणतात, म्हणजे आधी तोल मोडा, मग अंग आत घाला, मग फेका, असे तीन टप्पे. अडेल बैल जसा ओढून येत नाही, तो ज्या अंगाला झुकला त्याच अंगाला वळवावा लागते, तसंच हे आहे, ताकद नंतर. खडाखडीत, म्हणजे उभ्यानं चाललेल्या झटापटीत, मानेवर हात टाकून पैलवान समोरच्याला खाली दाबतो ना, ते काही उगीच नसते, दाबलं की समोरचा मान वर करायला जोर लावतो, त्याचं कंबरडं उघडं पडते आणि तिथंच पट, म्हणजे पाय धरून पाडायचा डाव, बसतो. ज्युदोवाला हेच कोटाची कॉलर आणि बाही धरून करतो. धरायची जागा बदलली, बाकी काय बदललं?

आणि मुंडकं. कुठल्याही कुस्तीत बघा, जिकडे मुंडकं तिकडे धड. हाताची कोपरं बरगडीला चिकटलेली पाहिजेत, हात समोरच्याच्या हाताच्या आतून पाहिजेत, कंबर समोरच्यापेक्षा खाली पाहिजे. हे चार नियम मातीत, गादीवर, कोट घालून, कोट न घालता, सगळीकडे तेच. धोबीपछाड ज्याला नीट येतो त्याला ज्युदोतला सेओइ-नागे शिकवायला मला फार वेळ लागत नाही, फक्त दंडाऐवजी बाही धर म्हणायचं. ढाक आणि कोशी-गुरुमा, बाहेरची टांग आणि ओ-सोतो-गारी, एकेकाला समोरासमोर ठेवून बघा, सख्खे नसले तरी चुलत भाऊ नक्की आहेत.

आता काकांना एक गंमत सांगतो. ज्युदो काढणारे जिगोरो कानो, १८८२ साली टोकियोत त्यांनी कोदोकान, म्हणजे ज्युदोची पहिली तालीम, सुरू केली तेव्हा अवघे एकवीस वर्षांचे. त्याच्या आधी ते जुजुत्सू ही जपानची जुनी झटापटीची विद्या शिकत होते आणि तालमीतला एक दांडगा गडी त्यांच्याच्यानं काही केल्या पडेना. तेव्हा या माणसानं आधी सुमोचे डाव करून पाहिले, ते जमले नाहीत, मग लायब्ररीत जाऊन पाश्चात्त्य कुस्तीचं पुस्तक उघडलं, त्यातून एक डाव उचलला, घोटून घेतला आणि त्या गड्याला खांद्यावर घेऊन आपटला. त्या डावाला ज्युदोत काता-गुरुमा म्हणतात. आणि काका, तुम्ही तो डाव बघितला तर बघताक्षणी म्हणाल, अरे हा तं आपला कलाजंग! म्हणजे ज्या ज्युदोला आपण परका म्हणून राहिलो त्याच्या पायातच कुस्तीचा दगड आहे, तो रचणारालाही त्याची लाज वाटली नाही.

याच्या पुढची गोष्ट मात्र ज्युदोवाल्यांनी ऐकावी, कारण त्यांनाही कमी माज नाही. २०१० पासून आंतरराष्ट्रीय ज्युदोत पाय धरण्यावर बंधनं आली आणि २०१३ ला तर थेट मनाई झाली, हातानं पायाला धरलं की शिक्षा. म्हणजे एकेरी पट गेला, दुहेरी पट गेला, जुन्या पद्धतीचा काता-गुरुमासुद्धा गेला, कारण त्यात एक हात मांडीत घालावा लागतो. खेळ बघायला उभा आणि छान दिसायला लागला हे मान्य, पण याच्यानं झालं काय की आजची ज्युदोची पोरं उभं राहायला लागली सरळ, ताठ, कंबर वर, आणि पाय समोर मोकळे ठेवून. कारण पायाला कोणी हात लावणारच नाही ना. अशा पोट्ट्याला आखाड्यात घेऊन या, बारा-तेरा वर्षांचं लेकरू एकेरी पट घालून त्याला चित करेल, आणि मी हे होताना बघितलं आहे, आमच्या क्लासमधला चांगला मेडल घेतलेला पोरगा मातीवर नुसता पाय सोडवत बसला होता.

म्हणजे नियम जिथं झाकतो तिथंच भोक पडते. हे सगळ्यांचं आहे, एकट्या ज्युदोचं नाही. आपल्या कुस्तीत पाठ मातीला लागली की खेळ संपला, चितपट, ढोल वाजले. म्हणून पैलवानाच्या अंगात काय मुरलेलं असते, तर पडता पडता पोटावर वळायचं. पोटावर पडला, मग समोरचा सवारी घालून बसू दे, घिस्सा मारू दे, जोपर्यंत खांदे टेकत नाहीत तोपर्यंत तो जिवंत आहे. आता हाच पैलवान ब्राझिलियन जुजुत्सूच्या मॅटवर न्या. तिथं पाठीवर पडणं म्हणजे हरणं नाहीच, तिथले लोक मुद्दाम पाठीवर झोपून दोन पायांच्या कैचीत समोरच्याला धरून खालून लढतात, आणि आपला पैलवान सवयीनं पोटावर वळला की त्यानं आपली पाठ आणि मान ताटात वाढून दिली, मागून गळा आवळला की दोन सेकंदात टाळी मारून हार मानावी लागते. उलटं पण तेवढंच खरं, तो जुजुत्सूवाला दंगलीत आणा, सलामी झाली की तो स्वतःहून पाठीवर बसेल आणि पंच शिट्टी मारून म्हणतील, जा भाऊ घरी.

पोटावर पडून राहण्याची तर मोठी गोष्ट आहे. १९१० ला गामा पैलवान लंडनला गेले, आधी अमेरिकेच्या डॉक्टर रोलरला हरवलं आणि मग पोलंडचा झिबिस्को समोर आला. गामांनी त्याला लवकरच खाली घेतला, पण त्यानंतर झिबिस्को जो गादीवर पालथा पडला तो अडीच तासांच्या वर तसाच चिकटून राहिला, गामांसारखा माणूस त्याला उलटवू शकला नाही आणि कुस्ती बरोबरीत सुटली. पुढच्या कुस्तीला झिबिस्को आलाच नाही, पट्टा गामांना मिळाला. मग १९२८ ला पतियाळ्याला मातीवर दोघं पुन्हा भिडले आणि एक मिनिट पण नाही लागला, झिबिस्को चित. लोक या गोष्टीतून फक्त गामांचा मोठेपणा सांगतात, तो तर आहेच, पण मला त्यात दुसरं दिसते. लंडनचा खेळ, लंडनची गादी, तिथं पालथा पडून वेळ काढणं हे झिबिस्कोचं शास्त्र होतं, आणि पालथा पडलेला जड माणूस उलटवायचा कसा हे पण एक वेगळं शास्त्र आहे. आज ते फ्रीस्टाइलवाल्यांकडे आहे, ज्युदोच्या जमिनीवरच्या कामात आहे, जुजुत्सूत आहे. आपल्या आखाड्यात ते नाही असं नाही, पण जेवढं घोटायला पाहिजे तेवढं घोटत नाहीत, कारण लोकांना ढाक बघायचा असतो, जमिनीवरची घासाघीस चालू झाली की पब्लिक ओरडते.

आता ज्यांनी हे सगळं भांडण न करता एकत्र केलं त्यांचं बघा. वासिली ओश्चेपकोव्ह नावाचा रशियन माणूस, त्यानं थेट कोदोकानमध्ये जाऊन ज्युदो शिकला, परत येऊन शिकवायला लागला. त्याच्यात सोव्हिएत युनियनमधल्या वेगवेगळ्या भागांच्या देशी कुस्त्या मिसळत गेल्या, जॉर्जियाची चिदाओबा तर खास, कारण त्यात पण जाकीट घालूनच लढतात, आणि १९३८ ला सरकारनं त्याला सांबो म्हणून मान्यता दिली. (ओश्चेपकोव्ह बिचारा त्याच्या आदल्याच वर्षी जपानचा हेर ठरवून पकडला गेला आणि कोठडीतच मेला, हे पण इतिहासात आहे.) मग १९६४ ला टोकियो ऑलिंपिकमध्ये ज्युदो पहिल्यांदा आला तेव्हा हे सांबोवाले कोट घालून जपानमध्ये जाऊन उभे राहिले आणि चार ब्राँझ घेऊन गेले. ज्युदोत त्यांना येऊन तेव्हा दोनच वर्षं झाली होती राजेहो! आज आमचे पोट्टे मोबाईलवर मिक्स्ड मार्शल आर्टवाल्या ज्या खबीबचे व्हिडिओ बघत बसतात तो पण याच मुशीतला, दागेस्तानची कुस्ती, ज्युदो आणि सांबो तिन्ही केलेला, एकोणतीस लढती जिंकून एकही न हरता निवृत्त झाला. पोट्ट्यांना त्याची टोपी पाहिजे असते, तालीम नको असते, तो विषय वेगळा.

मंगोलियाचं तर अजून भारी. सुमोचा आजवरचा सगळ्यात मोठा पैलवान हाकुहो, पंचेचाळीस स्पर्धा जिंकलेला, तो जन्मानं जपानी नाहीच, मंगोलियन आहे. त्याचे वडील मुंखबात हे तिथल्या देशी कुस्तीतले मोठे पैलवान, आणि त्यांनीच १९६८ ला मेक्सिको ऑलिंपिकमध्ये फ्रीस्टाइलचं सिल्व्हर आणलं. एका घरात तीन कुस्त्या. कोणी म्हटलं नाही की हा बाटला.

आपल्याकडे काय कमी उदाहरणं आहेत? खाशाबा जाधव १९४८ ला लंडनला गेले तेव्हा गादीची आणि तिथल्या नियमांची सवय नव्हती, तरी सहावे आले, मग चार वर्षं तेच डोक्यात धरून तयारी केली आणि १९५२ ला हेलसिंकीत ब्राँझ. मातीतला ढाक त्यांनी टाकून नाही दिला, तो गादीवर कसा बसवायचा ते शिकले. २०१८ च्या जकार्ता एशियाडमध्ये कुराश हा उझबेकिस्तानकडचा खेळ पहिल्यांदा आला, त्यात भारताच्या पिंकी बल्हाराला सिल्व्हर आणि बेळगावकडच्या मलप्रभा जाधवला ब्राँझ मिळालं, दोघी मूळच्या ज्युदोच्या. मणिपूरची लिंथोई चानंबम २०२२ ला ज्युदोत कॅडेट (अठराच्या आतल्या) गटाची वर्ल्ड चॅम्पियन झाली, भारताकडून पहिलीच. आपल्या विदर्भात तर १९१४ पासून अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आहे, वैद्य बंधूंनी काढलेलं, १९३६ ला बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी त्यांचं पथक आपले देशी खेळ तिथं दाखवून आलं. म्हणजे बाहेर जाऊन दाखवायची आणि बाहेरचं बघायची परंपरा इथलीच आहे, मी काही नवीन सांगत नाही.

आता आमच्या खेड्यातल्या पोट्ट्यांपुरतं बोलतो, कारण ऑलिंपिक लांब आहे.

एक म्हणजे पडणं. आखाड्यात पडायला वेगळं कोणी शिकवत नाही, माती मऊ असते, पडून पडून अंगाला कळते. ज्युदोत मात्र पहिले काही दिवस फेकायचं नाहीच, नुसतं पडायचं, मागे, बाजूला, पुढे लोळण घेऊन, हनुवटी छातीला लावून, हातानं मॅटवर थाप मारून. हे उकेमी ज्याला आलं त्याचं मनगट आणि गळ्याजवळचं हाड वाचते, कारण पडताना हात टेकवायची सवयच जाते. आमच्या आखाड्यातल्या पोट्ट्यांना मी हे शिकवलं तर आधी खी खी हसले, मग एक जण पावसाळ्यात पांदण रस्त्यानं गाडीवरून घसरला आणि उठून उभा राहिला, तेव्हापासून कोणी हसत नाही. दंगलीत कामी आलं की नाही माहीत नाही, पांदण रस्त्यावर आलं.

दुसरं म्हणजे ताकद, आणि इथं ज्युदोच्या क्लासनं आखाड्यापुढं हात जोडावे. जोर, बैठका, दोरीवर चढणं, मानेचे व्यायाम, जोडीदार खांद्यावर घेऊन चालणं, मातीत फावडं मारणं, याच्यातून जी मान आणि जी पकड तयार होते ती क्लासमध्ये आठवड्याचे तीन दिवस तासभर येऊन होत नाही. आमच्याकडे शेतकऱ्याच्या पोट्ट्यांची पकड आधीच चांगली असते, वावरात राबून हात तयार असतात, फक्त त्याला दिशा पाहिजे. मल्लखांब पण विसरू नका, तो मुळात पैलवानांसाठीच होता, आता शाळेच्या गॅदरिंगमध्ये शोभेचा झाला.

तिसरं, पोरी. हे काकांच्या पत्रात आलंच नाही. आमच्याकडच्या कितीतरी जुन्या आखाड्यांत मुलींना आजही उतरू देत नाहीत, मारुतीचं ठिकाण म्हणतात, असो, त्या वादात मी पडत नाही. पण शाळेच्या हॉलमध्ये मॅट टाकली की त्याच पोरी ज्युदो खेळतात, कबड्डी खेळतात आणि त्यांच्यात असा दम आहे की त्यांना पट शिकवला तर जिल्हा सोडा, राज्यात खेळतील. महिलांचा ज्युदो १९९२ पासून आणि महिलांची कुस्ती २००४ पासून ऑलिंपिकमध्ये आहे, साक्षी मलिकनं २०१६ ला रिओत ब्राँझ आणलं, मग आपल्या पोरींनी ज्युदोच्या दारानं येऊन कुस्तीत शिरलं तर कोणाचं काय बिघडते?

कबड्डीबद्दल एकच वाक्य, अँकल होल्ड (घोटा धरणं) म्हणजे पटाचाच लहान भाऊ आणि चांगला कव्हर, म्हणजे बचाव करणारा गडी, जो डॅश (धक्का) मारतो तो कमरेनंच मारतो, खांद्यानं नाही, हे ज्याला कळलं तो तिन्ही खेळात चालतो.

आता मी काही सगळ्याची खिचडी करा म्हणत नाही. स्पर्धेच्या आधी महिनाभर ज्याला जे खेळायचं तेच खेळू द्या, नाहीतर ज्युदोचा पोट्टा सवयीनं पायाला हात घालेल आणि शिक्षा घेऊन येईल, आणि आखाड्यातला पोट्टा कोट नसताना कॉलर शोधत बसेल. गळा आवळणं, हात अडकवणं हे प्रकार लहान लेकरांना शिकवूच नका, व्हिडिओ बघून एकमेकांवर करतात आणि मग कोपर धरून दवाखान्यात. हात पिरगाळून अडकवायच्या ज्या लॉकला आज किमुरा म्हणतात तो ज्युदोतलाच जुना ऊदे-गारामी आहे, १९५१ ला ब्राझीलमध्ये जपानचे ज्युदोवाले मासाहिको किमुरांनी तो ब्राझिलियन जुजुत्सूच्या हेलिओ ग्रेसीला लावला, हात मोडला तरी ग्रेसी टाळी मारेना, शेवटी त्याच्या बाजूच्यांनी टॉवेल टाकला. तेव्हापासून लॉकला किमुरांचं नाव पडलं. ते तयार झालेले माणसं होते. सातवीतल्या पोट्ट्याचा अभिमान हात मोडेपर्यंत ताणायचा नसतो. आणि दोन्हीकडे नखं कापा, अंघोळ करून मॅटवर या, एकाला गजकर्ण झालं की आठ दिवसात अख्ख्या बॅचला होते, ते माती-गादी असा भेद करत नाही.

राहिला प्रश्न जागेचा. एका ठिकाणी मी स्वतः बघितलं, हॉल आहे, मॅट आहेत, गुंडाळून कोपऱ्यात, वर धुळीचा थर आणि उंदराच्या लेंड्या, किल्ली कोणाकडे आहे ते कोणालाच माहीत नाही. आणि तिथून चार किलोमीटरवरच्या गावात वस्ताद चार पोट्टे घेऊन पावसात चिखल झालेल्या आखाड्याकडे बघत बसलेले, कारण वर टिनं नाहीत. पावसाळ्याचे तीन-चार महिने त्या वस्तादांना तो हॉल उघडून द्या, त्या बदल्यात त्यांनी ज्युदोच्या पोरांना आठवड्यातून एक दिवस पट आणि खडाखडी शिकवावी, उन्हाळ्यात क्लासच्या पोरांनी आखाड्यात येऊन माती उकरावी, याला ना निधी लागते ना जीआर, दोन माणसांनी फोनवर बोलायला पाहिजे.

म्हणून काकांना तुमच्या पेपरातूनच विचारतो. तुमच्या आखाड्यातले दोन-चार पोट्टे आमच्या शाळेच्या हॉलवर पाठवता का, आमचे तेवढेच तुमच्याकडे येतील, लंगोट तेच घेऊन येतील, माती तुमची. पंच तुम्हीच व्हा. शनिवार-रविवार कुठलाही चालेल, फक्त कापूस वेचायच्या दिवसात नको, तेव्हा अर्धे पोट्टे वावरात असतात आणि मी पण.

आपला,
एक पीटी मास्तर
(अमरावती जिल्हा, ग्रामीण)